दीड मीटर आणि साडेसात हजार कोटी पट

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर डावीकडे लिक्विड क्रोमॅटोग्राफ असतो, म्हणजे एलसी. उजवीकडे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे एमएस. मधे दोन-तीन वीत नळी. एलसीनं मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे काढायचे आणि एमएसनं प्रत्येकाचं वजन करून तो कोण ते सांगायचं, अशी कामाची वाटणी आहे. द्राक्षावरचं कीटकनाशक, रक्तातलं औषध, दुधातलं प्रतिजैविक हे सगळं आज या जोडीवर मोजलं जातं. बोलताना लोक ‘एलसीएमएस’ असं एका दमात म्हणतात, त्यामुळे हे एकच यंत्र आहे असं वाटतं. पण ही दोन यंत्रं स्वभावानं एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध आहेत, आणि त्यांना एकत्र नांदवताना जे आकडे समोर येतात त्यांनी मी आजही थक्क होतो.

आधी दाबच पाहू. आताच्या एलसीचा पंप १,००० बारपर्यंत दाब देऊ शकतो. समुद्रात १० किलोमीटर खोल, मारियाना गर्तेच्या तळाजवळ, साधारण एवढा दाब असतो. उजवीकडच्या यंत्रात, जिथे आयनांचं वजन होतं त्या कक्षात, दाब असतो एका टॉरचा एक लाखावा भाग. बाहेरच्या हवेचा दाब ७६० टॉर, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा ७ कोटी ६० लाख पट विरळ. पंपापासून या कक्षापर्यंतचं अंतर जेमतेम दीड मीटर. तेवढ्यात दाब साडेसात हजार कोटी पट उतरतो.

एवढी पोकळी कशासाठी, हेही आकड्यांतच कळतं. आपल्या आजूबाजूच्या हवेत एखादा रेणू सरासरी ६८ नॅनोमीटर गेला की दुसऱ्यावर आदळतो. अशा गर्दीत आयनाला ठरलेल्या वाटेनं नेणं अशक्य. एमएसच्या आत तोच रेणू सरासरी ५ मीटर न धडकता जाऊ शकतो, आणि त्याला पार करायचं असतं जेमतेम अर्धा-एक मीटर. तरीही त्या ‘निर्वात’ कक्षात घन सेंटिमीटरमागे ३३,००० कोटी रेणू शिल्लक असतातच. ही पोकळी टिकवणारा टर्बो पंप मिनिटाला ६०,००० फेरे घेतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीची कड या गतीनं सेकंदाला ३१४ मीटर धावते, आवाजापेक्षा थोडीशीच हळू.

आता या पोकळीत एलसीतून येणारं पाणी सोडून बघा. साध्या २.१ मिलिमीटर व्यासाच्या कॉलममधून मिनिटाला ०.४ मिलिलिटर द्रव येतो, आठ-दहा थेंब. त्याची वाफ झाली तर नेहमीच्या दाबाला ती अर्ध्या लिटरहून थोडी जास्त भरेल. पण आतल्या दाबाला तीच वाफ फुगून ४ कोटी लिटरच्या पुढे जाईल, आणि हे दर मिनिटाला. सेकंदाला ३०० लिटर खेचणारे टर्बो पंप लावायचे म्हटले तर सुमारे २,३०० पंप लागतील. साठ-सत्तरच्या दशकांत अनेक जाणत्या मंडळींना ही जोडणी जमणारच नाही असं वाटायचं, ते उगाच नाही.

पुढे प्रयत्न झाले ते पाहण्यासारखे आहेत. सत्तरच्या दशकात एक फिरता पट्टा आला. त्यावर एलसीचा द्रव पसरायचा, पट्टा तापवून द्रावक उडवायचा आणि उरलेला कोरडा नमुना घेऊन पट्टा हळूहळू पोकळीत शिरायचा. ऐंशीच्या दशकात ह्यूस्टनमध्ये मार्व्हिन व्हेस्टल यांचं थर्मोस्प्रे आलं. पण प्रश्न खऱ्या अर्थानं सोडवला तो इलेक्ट्रोस्प्रेनं. विजेच्या दाबाखाली द्रवाचा फवारा करायचा आणि थेंब सुकवत सुकवत मोठ्या रेणूंचे आयन मिळवायचे, ही कल्पना अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या माल्कम डोल यांनी १९६८ साली करून पाहिली होती. येल विद्यापीठातले जॉन फेन यांनी ती हाती घेतली आणि मासामिची यामाशिता यांच्याबरोबर १९८४ साली मास स्पेक्ट्रोमीटरला जोडून दाखवली. तेव्हा फेन ६७ वर्षांचे होते. नोबेल मिळालं २००२ साली, वयाच्या ८५व्या वर्षी. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

इलेक्ट्रोस्प्रेची युक्ती अशी, की पाणी आत घ्यायचंच नाही. द्रव बाहेरच, साध्या हवेच्या दाबाला, एका सुईतून फवारायचा. सुई आणि समोरचं तोंड यांच्यात ३,००० ते ५,००० व्होल्टचा फरक ठेवायचा. थेंबांचा व्यास सरासरी ५ मायक्रॉन धरला तर ०.४ मिलिलिटरच्या प्रवाहातून सेकंदाला १० कोटी थेंब उडतात आणि प्रत्येकावर विजेचा भार असतो. गरम नायट्रोजननं थेंब सुकतात, आक्रसतात, भार दाटतो, थेंब फुटतो, पुन्हा सुकतो, आणि शेवटी उघडा आयन उरतो. या फवाऱ्यातून वाहणारी वीज मायक्रोअँपिअरच्या काही दशांशांएवढीच. पण ०.२ मायक्रोअँपिअर म्हणजे सेकंदाला सव्वा लाख कोटी भार. फवारा यंत्राच्या तोंडाला आडवा मारतात, म्हणजे वाफ सरळ निघून धुराड्याकडे जाते आणि विजेनं ओढले गेलेले आयन तेवढे वळून अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून आत शिरतात. आत गेल्यावर एकामागून एक कक्ष, प्रत्येकाला वेगळा पंप, दाब पायरीपायरीनं खाली.

सुकवायला आणि फवारायला लागणारा नायट्रोजन मिनिटाला २० लिटरपर्यंत जातो. दिवसाला २८,८०० लिटर. सात घनमीटरचा मोठा सिलिंडर सहा तासही पुरत नाही. म्हणून नवं यंत्र बसवायचं ठरलं की आधी नायट्रोजन जनरेटर कुठे ठेवायचा आणि धुराड्याची नळी कुठून बाहेर काढायची याची चर्चा होते, आणि तीच आधी व्हायला हवी.

डावीकडच्या यंत्रातही एक अजस्र जग आहे. २.१ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब कॉलम पोलादाचा असतो, बोटाएवढा. आत १.७ मायक्रॉनचे सिलिकासारखे गोल कण ठासलेले. हिशेब केला तर त्यांची संख्या ८,००० कोटींच्या घरात जाते, पृथ्वीवरच्या माणसांच्या दहापट. प्रत्येक कण सच्छिद्र. ग्रॅमला २०० चौरस मीटर पृष्ठभाग धरला आणि कॉलममध्ये ०.२ ग्रॅम माल धरला, तर आतला एकूण पृष्ठभाग ४० चौरस मीटर होतो. मुंबईतला एक वन-बीएचके फ्लॅट त्या बोटभर नळीत घडी करून ठेवल्यासारखा. रेणू या पृष्ठभागाला चिकटत-सुटत पुढे सरकतात. ज्याला चिकटायला जास्त आवडतं तो मागे राहतो.

द्राक्षाचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात या यंत्रांचं फार मोठं काम द्राक्षासाठी चालतं. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपीय संघाची सरसकट मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक टन द्राक्षात १० मिलिग्रॅम. द्राक्षं वाटून १० ग्रॅम घ्यायची, १० मिलिलिटर द्रावकात अर्क काढायचा आणि त्यातले २ मायक्रोलिटर यंत्रात सोडायचे. कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक बरोबर त्या मर्यादेएवढं असेल, तर यंत्रात गेलं २० पिकोग्रॅम, एका ग्रॅमच्या पाच हजार कोटीव्या भागाएवढं. वजनानं काहीच नाही असं वाटतं, पण रेणू मोजले तर ६,३०० कोटी.

हे रेणू कॉलममधून साधारण सहा सेकंदांच्या एका शिखरात बाहेर पडतात. त्या सहा सेकंदांत ४० मायक्रोलिटर द्रव येतो. तो सगळा पाणी धरला, तर कार्बेन्डॅझिमच्या एकेका रेणूमागे पाण्याचे २,१०० कोटी रेणू. त्यातला तो एक ओळखायचा. वर आणखी गळती: फवाऱ्यापासून डिटेक्टरपर्यंत पोचतो तो हजारांत एखादा, जुन्या यंत्रात लाखांत एखादा. लाखात एक धरला तरी सहा लाखांच्यावर आयन पोचतात, आणि डिटेक्टर प्रत्येकाचे दहा लाखांच्या घरात इलेक्ट्रॉन करतो. त्यामुळे मोजता येतं.

याच हिशेबाची दुसरी बाजू यंत्र लावणाऱ्याची झोप उडवते. द्रावकात अब्जात एक भाग अशुद्धी असेल, तर त्याच सहा सेकंदांत तिचे ४० पिकोग्रॅम आत जातात. आपण शोधतोय त्याच्या दुप्पट. म्हणून एमएससाठीच्या प्रतीचं पाणी आणि मिथेनॉल वेगळं, महाग, आणि ते दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही. बाटल्या साबणानं धुवायच्या नाहीत, कारण साबणातले पॉलिथिलीन ग्लायकॉलचे रेणू ४४-४४ च्या अंतरावर शिखरांची रांग लावून बसतात. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं थॅलेट मास ३९१ ला दिसतं, आणि ते कुठून कुठून येतं याला मर्यादा नाही: नळीतून, हातमोज्यातून, बाटलीच्या झाकणातून. नवीन मुलगा कामावर आला की मी आधी त्याला नुसता द्रावक चालवून ३९१ बघायला लावतो.

आता नळी. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पीक नावाच्या कणखर प्लॅस्टिकच्या नळ्यांना रंगांची खूण असते. निळ्या रेघेची नळी आतून पाव मिलिमीटर, लाल रेघेची त्याच्या निम्मी. बाहेरून दोन्ही सारख्याच, एक-षोडशांश इंच. यंत्र बसवताना कॉलम आणि एमएस यांच्यात अर्धा मीटर अंतर पडलं आणि खोक्यात सापडली म्हणून निळी लावली, तर तिच्यात २४ मायक्रोलिटर द्रव मावतो. लाल लावली तर सहा. आपलं सगळं शिखर ४० मायक्रोलिटरचं आहे हे लक्षात घ्या. कॉलमनं कष्टानं वेगळे केलेले घटक निळ्या नळीत पुन्हा एकमेकांत पसरतात. सरळ नळीत हे पसरणं व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतं, म्हणजे व्यास दुप्पट केला की पसरणं सोळापट. चांगला, महागडा कॉलम एका चुकीच्या रंगाच्या नळीनं फुकट जातो.

नळीचं टोक फिटिंगमध्ये बसवतानाही तेच. नट आणि फेरूल नळीवर चढवायचे, नळी भोकात तळापर्यंत दाबून धरायची आणि धरूनच नट आवळायचा. आवळताना नळी एक मिलिमीटर मागे सरकली, तर टोकापुढे दोन मायक्रोलिटरची पोकळी उरते. गळत नाही, दाब ठीक दिसतो, बाहेरून काहीच कळत नाही. फक्त शिखराला मागे शेपूट फुटतं. एका कंपनीचा फेरूल दुसऱ्या कंपनीच्या कॉलमला लावला की हे हमखास होतं, कारण भोकाची खोली थोडी वेगळी असते. शेपूट दिसलं की लोक कॉलम बदलतात, पद्धत बदलतात, द्रावक बदलतात. आधी नट सोडून, नळी पुन्हा तळाला टेकवून आवळून बघावी.

क्षारांचंही सांगायला हवं. जुन्या एलसीवर, जिथे प्रकाशाचा डिटेक्टर होता, तिथे फॉस्फेटचा बफर सर्रास चालायचा. तीच पद्धत तशीच एमएसला जोडली तर? २० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, मिनिटाला ०.४ मिलिलिटर, चोवीस तास. दीड ग्रॅमहून जास्त मीठ त्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकासमोर फवारलं जातं. ते उडून जात नाही, साचत जातं. म्हणून एमएससमोर उडून जाणारे पदार्थच हवेत: फॉर्मिक आम्ल ०.१ टक्का, अमोनियम फॉर्मेट ५ मिलिमोलर. अर्कातही न उडणारं बरंच काही असतं, साखर आणि क्षार पहिल्या मिनिटातच बाहेर पडतात. त्यासाठी कॉलमनंतर एक व्हॉल्व्ह बसवतात. पहिलं मिनिट प्रवाह वेस्टच्या बाटलीत, मग एमएसकडे.

प्रवाह आणखी कमी केला की आकडे उलट्या दिशेनं चक्रावतात. प्रथिनांच्या संशोधनात ७५ मायक्रॉन व्यासाचा कॉलम वापरतात आणि मिनिटाला ३०० नॅनोलिटर द्रव. फायदा मोठा, कारण थेंब बारीक होतात आणि आयन कितीतरी जास्त मिळतात. पण जुन्या पंपात द्रावकं मिसळण्याची जागा आणि पुढच्या नळ्या मिळून एक मिलिलिटर जागा असायची. मोठ्या प्रवाहाला ती दोन-तीन मिनिटांत पार व्हायची. ३०० नॅनोलिटरनं तीच पार व्हायला ५५ तास लागतील. पंपाला आत्ता द्रावक बदलायला सांगितलं तर कॉलमला ते परवा कळणार. गळतीचीही तीच तऱ्हा: सगळा प्रवाह बाहेर गळला तरी एक थेंब जमायला पावणेतीन तास, आणि तोवर तो सुकून गेलेला असतो. म्हणून नॅनो एलसीचे पंप, मिक्सर, नळ्या सगळं मुळापासून वेगळं बांधावं लागलं.

वेळेचा हिशेब थोडक्यात सांगतो. पाचशे कीटकनाशकं, प्रत्येकाच्या दोन खुणा, म्हणजे हजार मोजण्या, पंधरा मिनिटांत. सहा सेकंदांच्या शिखरावर बारा बिंदू हवेत, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून. हजारच्या हजार सतत मोजायच्या तर प्रत्येकीला अर्धा मिलिसेकंद. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक रसायन यायच्या वेळेलाच त्याची मोजणी सुरू करणं. मग एका वेळी पन्नासच उरतात आणि प्रत्येकीला दहा मिलिसेकंद मिळतात. मात्र त्यासाठी रसायन ठरल्या मिनिटाला यायलाच हवं, आणि ते पंप, नळी आणि नट यांच्यावर अवलंबून आहे.

यातलं काय बिघडू शकतं हे द्राक्ष बागायतदारांनी सोसलेलं आहे. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. बागेत त्याला सीसीसी किंवा लिहोसीन म्हणतात. छाटणीनंतर वेलीची नुसती पालेदार वाढ आवरावी म्हणून ते फवारलं जायचं. निर्यातीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. माल युरोपच्या बंदरांत अडकला आणि नाशिक, सांगलीकडच्या लोकांचं वर्षाचं उत्पन्न त्याच्याबरोबर अडकलं. त्यानंतर ते यादीत आलं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे.

पण यादीत नाव घातलं म्हणून यंत्राला ते दिसतं असं होत नाही. क्लोरमेक्वॅटच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. नेहमीचा सी-१८ कॉलम तेलकट स्वभावाचा, त्या ४० चौरस मीटरच्या पृष्ठभागाला हा भारलेला, पाण्यात रमणारा रेणू चिकटतच नाही. तो साखर आणि क्षारांबरोबर पहिल्याच मिनिटात बाहेर पडतो. आणि पहिल्या मिनिटाला व्हॉल्व्ह वेस्टकडे असतो. पाचशे कीटकनाशकांसाठी उत्तम लावलेलं यंत्र या एका रसायनाचे हजारो कोटी रेणू निमूटपणे बाटलीत ओतून देईल आणि अहवालात ‘आढळलं नाही’ असं येईल.

त्याच्यासाठी मांडणीच बदलावी लागते. हिलिक जातीचा, पाण्याची ओढ असलेला कॉलम लावायचा. सुरुवात ९० टक्क्यांहून जास्त ॲसिटोनायट्राइलनं करायची आणि पाणी हळूहळू वाढवायचं, म्हणजे नेहमीच्या बरोबर उलट. अर्क जास्त पाण्यात विरघळवून सोडायचा नाही, नाहीतर शिखर फुटतं. व्हॉल्व्हची वेळ नव्यानं ठरवायची. मग मास १२२ चा आयन मोडून ५८ चा तुकडा बघायचा, आणि शेजारी १२४ चा मोडूनही ५८ च. कारण क्लोरीनचे ३५ आणि ३७ असे दोन समस्थानिक निसर्गात साधारण तीनास एक प्रमाणात असतात, आणि ५८ च्या तुकड्यात क्लोरीन उरत नाही. दोन्ही शिखरं एकाच वेळी यायला हवीत, प्रमाणित द्रावणाच्या वेळेपासून ०.१ मिनिटाच्या आत. त्यांच्या उंचीचं गुणोत्तर प्रमाणित द्रावणातल्या गुणोत्तराच्या ३० टक्के अलीकडे-पलीकडे बसायला हवं. दोन्ही जुळलं की क्लोरमेक्वॅटचं नाव अहवालात लिहायचं, आणि तो माल बंदरात पोचायच्या आधी इथेच थांबवायचा.